दहाव्याची खुर्ची आणि आक्काचे गुडघे

वारूळवाडी,
डिसेंबर २००५

तीर्थस्वरूप आक्कास,

धाकटा भाऊ भगवंत याचा साष्टांग नमस्कार. (सध्या तो उभ्यानेच घ्यावा. जमिनीवर आडवा व्हायला माझी ना नाही, पण परत उठवायला माणसं लागतात आणि घरातली सगळी कांद्याच्या लागणीला गेली आहेत.) इकडे सर्व क्षेमकुशल. मढला थंडी कशी आहे, दाजींचा खोकला बसला का, म्हैस व्याली का, ते सवडीने कळवावे. तुझ्या गुडघ्यांची चौकशी करत नाही, कारण तू खरं सांगणार नाहीस. तुझ्या भिमाजीने फोनवर सगळं सांगितलं. आई ओट्यावरून उतरायची झाली तर बसून सरकत उतरते, आणि कुणी पाहिलं तर म्हणते, ओटा पुसत होते. लेकाने पुण्याच्या डॉक्टरांकडे तुझं नाव घालून ठेवलंय आणि तू म्हणालीस म्हणे, "आदी भगवंताचं काय झालं ते कळू दे, मंग बगू." म्हणून हे पत्र. अश्विनी सूनबाई वाचून दाखवील. तिने मधलं काही गाळू नये.

माझं ऑपरेशन उत्तम झालं. काही म्हणता काही दुखलं नाही. तुला ठाऊकच आहे, मी शेवटपर्यंत ऑपरेशनच्या विरोधात होतो. निरगुडीचा पाला शेकून बांधला. टीव्हीवर दाखवतात ते तेल मागवलं (त्यातला म्हातारा तेल लावून नातवाबरोबर फुटबॉल खेळतो, मी लावल्यावर गादी तेलकट झाली). लेण्याद्रीच्या पायऱ्या चढलं की गुडघे मोकळे होतात असं कुणीतरी सांगितलं, तेही केलं. चढताना मोकळे झाले. उतरताना डोलीवाल्यांनी उतरवलं. मग पुण्याच्या खाजगी दवाखान्यात गेलो. डॉक्टर पोरगेलासा, पण बोलायला गोड. गुडघ्याचा फोटो उजेडाला धरून म्हणाला, आजोबा, यातलं वंगण संपलंय, हाडावर हाड घासतंय. आपल्या विहिरीवरच्या इंजिनाचं असंच झालं होतं आणि ते आपण भंगारात घातलं होतं, म्हणून मी मुकाट्याने हो म्हणालो. गणपती बसायच्या आधी उजव्या गुडघ्याची वाटी बदलून झाली आणि निघताना डॉक्टरने नियम सांगितले. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पाटावर बसायचं नाही. हा माणूस आपल्या तालुक्यात कधी आलेला नसावा. आपल्याकडे जेवण, भजन, सोयरीक, भाऊबंदकी, सगळं खाली बसून चालतं. खुर्ची असते ती पुढाऱ्याला. घोळ झाला तो इथेच.

गेल्या आठवड्यात कळंबच्या पलीकडे, घोडनदीच्या काठी, चिमाजी नावाच्या गृहस्थांचा दहावा होता. हे माझ्या साडूचे व्याही. मी त्यांना जन्मात पाहिलेलं नव्हतं. पण साडू तापाने पडला आणि हिने फर्मान काढलं की आपल्या घरातून कुणीतरी गेलंच पाहिजे. गेलो. सगळं गाव ताडपत्रीवर बसलेलं. मी वॉकर घेऊन कडेला उभा. एकाने दया येऊन म्हटलं, "पावणं, पुढं खुर्ची मोकळी हाये, बसा की." बसलो. ती खुर्ची माईकच्या शेजारी होती, एका बाजूला सोसायटीचे चेअरमन, दुसऱ्या बाजूला कुणीतरी माजी सभापती. माईकवाल्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. पांढरा सदरा, कडक टोपी, पुढची खुर्ची आणि समोर चकाकणारा वॉकर, म्हणजे हा कुणीतरी मोठा असणार, असं त्याने धरलं. आपल्याकडे दहाव्याला पुढच्या खुर्चीत बसलेल्याने श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलल्याशिवाय उठायचं नसतं, हे तुला सांगायला नको. नारायणगाव परिसराचे ज्येष्ठ मार्गदर्शक म्हणून त्याने माझा पुकारा केला. मी मागे वळून पाहिलं, की मार्गदर्शक कोण आलेत.

उभा राहिलो. चिमाजीरावांबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की ते वारले. त्यांचा मनमिळाऊ स्वभाव आणि भरून न निघणारी पोकळी आधीच्या मंडळींनी वापरून संपवली होती. मग मला ज्या विषयाची माहिती होती त्यावर बोललो, म्हणजे गुडघ्यावर. म्हणालो, कैलासवासी चिमाजीरावांनी आयुष्यभर रानात कष्ट केले असणार. कष्ट करणाऱ्याचे गुडघे जातात. गडीमाणूस निदान कण्हतो तरी, बाईमाणूस तेवढंही करत नाही, ती भिंतीला धरून चालते आणि आपण म्हणतो वय झालं. बायकांच्या बाजूला एकीने डोळ्याला पदर लावला आणि पाठोपाठ सगळ्याच रडू लागल्या. चेअरमनसाहेबांनीही डोळे पुसले. (त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, हे त्यांनी नंतर एकीकडे घेऊन सांगितलं.) चिमाजीरावांची बायको साळुबाई पुढेच बसली होती, दोन्ही पाय लांब पसरून, कारण ते मिटतच नव्हते.

पिंड केव्हाचे मांडलेले होते आणि कावळा बाभळीवर बसून होता. थोरला मुलगा हात जोडून कबूल करत होता, जमीन विकणार नाही, धाकट्याला अंतर देणार नाही, चुलत्यांवरची केस मागे घेईन (हे म्हणताना त्याला जरा वेळ लागला). कावळा ढिम्म. एवढ्यात कुशाबाई म्हणून एक म्हातारी ओरडली, "आरं, पावणं काय सांगत्यात ते आयक की! आयचं गुडगं करतो म्हन!" पोरगा म्हणाला, "करतो. आयच्या दोनी गुडग्यांचं आपरेशन करतो, आप्पा." आणि आक्का, कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला. सगळ्या घाटावर हात जोडले गेले. नंतर मंडळींनी मलाच गराडा घातला. धोतरं वर करून गुडघे दाखवू लागली. साळुबाईने माझा हात धरला आणि म्हणाली, "भाऊ, लई दिस सांगत व्हते, कुनी मनावर घेत नव्हतं."

तर आक्का, डॉक्टरचं राहू दे, भिमाजीचंही राहू दे. जे कावळ्याला पटलं ते तू मनावर घ्यावंस. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तर लवकर यावं, ही विनंती.

तुझा,
भगवंत

ता. क. कावळ्याविषयी थोडा खुलासा. मी भाषण संपवून तसाच पिंडांशेजारी उभा राहिलो होतो आणि वॉकर उन्हात चकाकत होता. कुशाबाई ओरडली तेव्हाच पाय दुखायला लागल्याने मी जाऊन खुर्चीत बसलो आणि वॉकर मिटून खाली सरकवला. कावळा वॉकरला बिचकत असावा. हे कळंबकडे कुणाला कळू देऊ नये. साळुबाईचं ऑपरेशन ठरलंय.

ता. क. अश्विनी, हे एवढं फक्त आक्काला वाचून दाखव, दार लावून. काही दुखलं नाही, हे भिमाजीने लिहायला सांगितलं म्हणून लिहिलं. दुखतं, आक्का. व्यायाम घ्यायला यायची ती पोरगी पाय वाकवायची तेव्हा मी वॉर्ड डोक्यावर घ्यायचो. मला वाटत होतं मी आईला हाक मारतोय. आमची ही म्हणते, तुम्ही सारखं आक्का, आक्का करत होता. नर्सने विचारलंसुद्धा, आक्का कोण, त्यांना बोलवून घ्यायचं का. पण तेही दुखणं सरलं. आता उजव्या पायाने ओटा चढतो आणि पहाटेपर्यंत झोप लागते, हे मात्र कुणी न सांगता लिहितोय.

ता. क. डावाही करायला हवा, असं डॉक्टर म्हणतो. मी अजून हो म्हटलेलं नाही, पुन्हा एकट्याने जायची माझी छाती होत नाही. तिथे दोन खाटांची खोली आहे. बहीणभाऊ एकत्र चालतील का, हे मी विचारून ठेवलंय, चालेल म्हणाले. खिडकीकडची खाट तू घे. तू आलीस तर मी येतो.