हिरव्या गाडीचे चार बोळे

२ फेब्रुवारी, रविवार
गाडीमालकहो! आपलं सर्वांचं दुःख एकच आहे. आपण गॅरेजच्या दारात उभे राहतो. समोरचा माणूस बॉनेटखाली डोकं घालतो आणि नुसतं 'च्च' करतो. त्या एका 'च्च'पुढे आपलं शिक्षण, आपलं वय, आपलं वाचन सगळं मातीमोल होतं. किती वर्षं सहन करायचं हे 'च्च'?

आज वाहनमालक संघात भाषणाची सुरुवात अशी केली. टाळ्या आल्या. टाळ्यांच्या भरात जाहीर केलं की सासऱ्यांच्या जुन्या हिरव्या स्पोर्ट्स कारचं इंजिन मी स्वतः उघडून दुरुस्त करणार. पुन्हा टाळ्या.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. म्हणाली, अहो, नळ दुरुस्त करायला घेतलात तेव्हा आपण सगळे शेजाऱ्यांकडे अंघोळीला जात होतो. मुद्दे संपले की माणसं इतिहासात शिरतात.

३ फेब्रुवारी, सोमवार
परिस्थिती नोंदवून ठेवतो. हे घर सासूबाईंचं. (मी घरजावई नाही. लग्नापासून इथे मुक्कामाला आहे.) जिना आता त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून तेवीस तारखेला त्या मेव्हण्याकडे जाणार, कायमच्या. त्यांनी एकच मागितलंय. नवी नवरी होऊन या घरात आले ती त्या हिरव्या गाडीतून, तर निघतानाही त्यातूनच जाईन. स्टेशनपर्यंत.

सासरे गेल्यापासून गाडी बंद आहे. बंद पडायच्या आधी पाणी प्यायची आणि पांढरा धूर ओकायची. तीन पुस्तकं वाचली. तिन्हींचं एकमत: हेड गॅस्केट. म्हणजे इंजिनचं डोकं आणि धड यांच्यामधला पातळ पत्रा जळालाय. तो बदलायचा. बस्स.

संकल्प: रोज दोन तास. भाषणं बंद.

४ फेब्रुवारी, मंगळवार
ग्रंथालयात भाषण होतं. आधीच कबूल केलेलं.

८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी
इंजिनचं डोकं काढलं! 'काढलं' हा शब्द थोडा घाईचा आहे. निघत नव्हतं, हातोडीने समजूत घातली. कंबर धरली आहे.

उघडी तोंडं कापडाने बंद करा, नाहीतर आत नट पडेल, असं पुस्तकात म्हटलंय. घरात जुनं कापड नव्हतं. सासूबाईंनी माझ्या जुन्या व्याख्यानमालेचा कापडी फलक काढला आणि विचारायच्या आत कात्री चालवली. 'आपले काम आपण करा.' चार शब्द, चार तुकडे. मनाला लागलं, पण तोंडंही चारच होती. 'आपले' धुराच्या पाइपात, 'काम' पाण्याच्या तोंडात, 'आपण' आणि 'करा' दोन कार्बोरेटरच्या जागी. गाडीला दोन कार्बोरेटर आहेत, एकेक दोन-दोन सिलिंडरना हवा-पेट्रोल पाजतो. विचार कृतीत उतरतो तो असा.

९ फेब्रुवारी, रविवार
कंबर.

१० फेब्रुवारी, सोमवार
कंबर. झोपून वाचन केलं. बायको म्हणाली, गॅरेजवाल्याला एक फोन करा, माणूस चांगला आहे. मी म्हटलं, ज्याच्या 'च्च'विरुद्ध मी भर सभेत बोललो त्याला फोन? ती म्हणाली, तो सभेत नव्हताच की. म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, प्रश्न आईचा आहे.

 याचं उत्तर उद्या देणार.

१५ फेब्रुवारी, शनिवार
नवीन गॅस्केट बसलं. डोकं जागेवर. पाइप जागेवर. दोन्ही कार्बोरेटर जागेवर. शेवटचे नट अक्षरशः धावत आवळले, कारण चार वाजता संघाची सभा होती आणि विषय होता 'घाई: आपला खरा शत्रू'. दोन वॉशर उरले. कंपनीने जास्तीचे दिले असणार.

सभेत सर्वांना तेवीस तारखेचं आमंत्रण दिलं. या आणि डोळ्यांनी पाहा.

१६ फेब्रुवारी, रविवार
किल्ली फिरवली. इंजिन लागलं! थरथरलं, खोकलं, विझलं. पुन्हा लागलं, पुन्हा विझलं. पांढरा धूर मात्र नाही. म्हणजे दुरुस्ती यशस्वी, फक्त गाडी चालत नाही.

निदान: चारपैकी दोन सिलिंडर कामावर, दोन संपावर. संप कसा मिटवायचा ते मला कोणी शिकवू नये.

१७ फेब्रुवारी, सोमवार
सासूबाईंनी बोळे धुऊन दोरीवर वाळत घातले. खिडकीतून हाक मारली, जावईबापू, वाक्य अर्धंच राहिलं हो. पाहिलं तर 'आपले काम आपण' एवढंच वाऱ्यावर हलत होतं. म्हटलं, असेल गॅरेजमध्ये कुठेतरी. म्हणाल्या, शोधा हो, चांगलं कापड आहे. इंजिन ठप्प आहे आणि यांना चिंधीची पडली आहे! वय झालं की माणूस बारीकसारीक गोष्टींत अडकतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
प्लग काढले. दोन काळे आणि ओले, दोन कोरडे ठणठणीत. बायको डोकावली. म्हणाली, या दोघांना पेट्रोलच पोचत नसेल. मी म्हटलं, कोरडा प्लग म्हणजे स्वच्छ प्लग. आदर्श प्लग. बदल ओल्यांना हवा. ओले दोन्ही बदलले.

फरक नाही. पेट्रोल भेसळीचं असणार. पेट्रोलवर एक भाषण होऊ शकेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार
पेट्रोल बदललं. कॉइल बदलली. बॅटरी बदलली. फरक नाही. हवेत दमटपणा आहे.

अंगाला ऑइलचा वास, नखं काळी. वाचलेली पुस्तकं एकमेकांत मिसळू लागली आहेत. आज जेवताना सासूबाईंनी कुठलासा जुना स्कार्फ काढून दाखवला. गाडीत पहिल्यांदा बसले तेव्हा हाच होता, म्हणाल्या, टप उघडा होता आणि हे सारखं विचारायचे, थंडी वाजते का? मी 'नाही' म्हणायचे, म्हणजे हळू चालवणार नाहीत.

मी ताटातून वर पाहिलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
फोन हातात घेतला. गॅरेजवाल्याचा नंबर काढला. मग विचार केला, हा माणूस आता 'च्च' करणार. फोन ठेवला.

२२ फेब्रुवारी, शनिवार
बायको टॅक्सी ठरवत होती, आवाज खाली ठेवून. मी ऐकलं नाही असं दाखवलं. मी ऐकलं हे तिला कळलं नाही असं तिने दाखवलं. संसार दोघांच्या सहकार्याने चालतो.

संकल्प: उद्या लागेल.

२३ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी
लागली नाही.

संघाची माणसं रस्त्यात जमली होती. सासूबाई स्कार्फ बांधून खाली आल्या. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने लेक. किल्ली फिरवली, खोकला आला, संपला. पुन्हा. पुन्हा. मग नुसतं टिक-टिक. मागून संघाचे सेक्रेटरी म्हणाले, च्च.

मी उभा राहिलो. म्हटलं, बंधूंनो, अपयश म्हणजे... सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, गाडी चुकेल माझी. सरका पलीकडे. आणि स्टिअरिंगवर जाऊन बसल्या. लेकीला म्हणाल्या, सामान घेऊन टॅक्सीने खाली जाऊन थांब, कोपऱ्यापुढे उतारच आहे. मला म्हणाल्या, ब्रेकला हात लावला होतात का? म्हटलं, नाही. म्हणाल्या, मग ठीक आहे. सांगा यांना ढकलायला.

इतकी वर्षं बोलतो आहे. उठा, जागे व्हा, पुढे या, सगळं बोलून झालं. कोणी खुर्चीतून उठलेलं मला आठवत नाही. आज फक्त 'धक्का मारा' म्हटलं आणि सगळा संघ बाह्या सारून गाडीला भिडला. सेक्रेटरींची चप्पल तुटली, तरी ढकलत होते.

कोपरा आला. गाडी सुटली. उतारावर टायरांचा आणि वाऱ्याचा तेवढा आवाज. स्कार्फ फडफडत होता. सासूबाई दोन्ही हातांनी वळणं घेत होत्या, मधूनच आडव्या आलेल्या माणसावर ओरडत होत्या, मरायचंय का रे! मग म्हणाल्या, किती शांत चालते हो तुमच्या हाताखाली. यांच्या वेळी फार बडबड करायची.

 मी विचारलं, थंडी वाजते का? त्यांनी मान वळवली नाही. म्हणाल्या, नाही. आणि ब्रेकवरचा पाय उचलला.

पायथ्याला टॅक्सी उभी होती. सासूबाई उतरल्या, बॉनेटवर एकदा हात ठेवला, टॅक्सीत बसल्या.

घरी कोणी नाही, बायको आईला पोचवायला गेली आहे. गाडी टो करून आणली. पुढचा कार्बोरेटर मीच काढला. आत तोंड गच्च बंद. पक्कडीने ओढलं. काळं, पेट्रोलने थबथबलेलं. उजेडात धरलं तर वाचता आलं: 'करा'.

धुतलं. दोरीवर बाकीच्या तिघांशेजारी घातलं. आता वाचायला खिडकीत कोणी नाही.

गाडीमालकहो, माझं पुढचं सगळं भाषण रद्द समजा. एवढंच सांगतो: झाकण लावायच्या आधी बोळे मोजा.