एकोणीस ताटांची शाळा

ती. भोजराजभाऊ यांस,

नाकाडोंगरीपलीकडच्या आमच्या लहानशा टोलीवस्तीवरून तुमच्या धाकट्या बहिणीचा, शकुनचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. वहिनीची कंबर आता कशी आहे? टीना सहावीत गेली म्हणून कळलं, लय आनंद झाला. (फोनच केला असता, पण तुमी दोन वेळा हो-हो म्हणता आन् फोन वहिनीच्या हातात देता. कागदाले तसं करता येत नाही, म्हणून लिहून राहिली.) इकडं सारे खुशाल. तुमचे जावई, म्हणजे आमचे मालक, तर शाळा समितीचे अध्यक्ष झाल्यापासून इतके खुशाल आहेत का धानाच्या बांधीत पाय ठेवायले त्याइले फुरसत नाही. रोवणी मी आन् माझी जाऊ पार्वताबाई पाहून घेऊ, अध्यक्षाच्या पायाले चिखल शोभते का? आमचा मोनू औंदा सातवीले, तुमसरच्या विंग्रजी शाळेत जाते. सकाळी सहाले टाय लावून बसची वाट पाहत उभा राहते, खुट्याले बांधलेल्या गोऱ्ह्यासारखा. पण दिसते मोठा साहेब.

भाऊ, गोष्ट अशी का आमची शाळा बंद पडून राहिली. अवघी नाही, सहावी ते आठवी. नत्थू मास्तर सांगतात का तीन वर्ग मिळून वीस लेकरं पाहिजेत, एक जरी कमी भरला तर मास्तर दुसरीकडं जातीन. आन् आमच्या मेघाले धरून भरतात एकोणीस. मी तिथं खिचडी शिजवते, ताटं मांडते, माझ्याइतकी पक्की मोजणी कोण्या साहेबाले येत नाही. वर्ग गेले तर पोरीले जंगलातून सहा किलोमीटर सायकल हाणा लागन. त्याच रस्त्यावर उन्हाळ्यात अस्वलानं एका म्हाताऱ्याले दोन घंटे झाडावर बसवून ठेवलं होतं. मले भेव वाटते भाऊ, खोटं कायले सांगू.

तर अध्यक्षसाहेबाइनं ठरवलं का आजूबाजूच्या सरकारी शाळांची तुलना करून पाहू, वेळ पडली तर पोरीसाठी दुसरी निवडून ठेवू. धानाच्या हिशेबाच्या वहीत तक्ता आखला. इमारत, पंखे, फाटक, झेंड्याचा खांब, सगळ्याले दहापैकी मार्क. (शिकवण्याचा रकाना काहून नाही म्हणून विचारलं, तर म्हणतात पान संपलं.) माझ्या जागी खिचडीले पार्वताबाईले उभी केली आन् मी मेघाले घेऊन त्यांच्या फटफटीवर निघाली.

पहिली रोडवरची शाळा. बाप्पा, काय तो थाट! भिंतीवर टीव्हीएवढा मोठा फळा, विजेवर चालणारा. धूळ बसू नये म्हणून त्याले चादर पांघरलेली, आन् खराब होऊ नये म्हणून कधी चालूच केलेला नाही. संडास इतका साफ का पाहतच राहा. साहेब आले का कुलूप काढतात, लेकरं आली का लावतात. खिचडी मी चाखली. दाळ कुठं आहे म्हणून विचारलं, तर स्वयंपाकीण म्हणाली तळाशी बसली असन. आमी तळापर्यंत गेलो, तिथंबी नव्हती. पण खांब उंच होता, म्हणून अध्यक्षाइनं दहापैकी नऊ देऊन टाकले.

दुसरी बाजाराच्या गावची. तिथं तीन वर्गाले एकच मास्तर, आन् तो बिचारा मोबाईलमधी माहिती भरून राहिला होता. शाळेत नळ किती, झाडं किती, हात धुतलेले लेकरं किती. लेकरं आपलीआपली मोठ्यानं वाचत होती, मास्तर मधीच मान वर करून शाबास म्हणे. माणूस चांगला. मले म्हणाला, ताई, माझेबी अठराच भरतात. ते ऐकून मले त्याचा राग धरता आला नाही.

पण घोटाळा पुढंच आहे. दोन्ही शाळेत मेघा फाटकातून आत गेली का तिच्या हातात गुलाबाचं फूल, कपाळाले कुंकू आन् फोटो. मले वाटलं पाहुण्याचा मान असन. आमच्या शाळेनं तर पहिल्याच दिवशी, सहावीत आली म्हणून, तिले बैलबंडीवरून मिरवलं होतं. झालं, नवीन लेकरू आलं म्हणून तिन्ही शाळांनी आपापला फोटो शिक्षण खात्याच्या साहेबाले पाठवला. आमची मेघा एका हप्त्यात तीन शाळेत भरती! साहेब फटफटी घेऊन थेट आमच्या अंगणात. अध्यक्षाइनं तक्ता दाखवला, तर साहेबानं खांबाचे मार्क वाचले आन् वही मिटून परत देली. मंग चहा घेताघेता मले विचारलं, बाई, सरकारी शाळेची इतकी तळमळ आहे तुमाले, घरचे सगळे लेकरं तिथंच असतीन ना? मी म्हटलं, दूध उतू चाललं जी, आन् आत पळाली. (चहा कोरा होता.)

बाकी सगळं ठीक. वहिनीले कंबरेवर एरंडाचा पाला गरम करून बांधाले सांगा.

तुमची धाकटी बहीण,
शकुन

ता. क. : टीनाले एक वर्षासाठी आमच्याकडं पाठवून द्या. तुमच्या शहापूरच्या शाळेले एका पोरीनं काय फरक पडते? आमचे वीस होतीन. भाची आहे, मेघाच्या शेजारी झोपन, मी आपल्या हातानं खाऊ घालीन. शाळेत एक विसावं ताट पालथं पडलंच आहे.

आणखी एक : तुमी म्हणसान, घरचा पोरगा टाय लावून विंग्रजीत आन् माझी पोरगी टोलीत कायले? असं विचारू नका भाऊ. मोनूची गोष्ट येगळी आहे. कशी येगळी, ते मागाहून कळवीन.

शेवटचं : पाकीट चिकटवायले मेघाजवळ दिलं, तर तिनं आधी पत्र वाचून काढलं. मंग शाळेतून ते विसावं ताट घेऊन आली आन् माझ्यापुढं उलटं करून ठेवलं. बुडावर कोरलेलं आहे, मोनू. पाचवीपर्यंत त्यातच जेवला तो. तो गेल्यावरबी मी रोज ते घासून ठेवत होती भाऊ, आन् विसावा पोरगा शहापुरात शोधून राहिली होती. मले माझीच लाज वाटली. उद्या तुमसरले त्याचा दाखला आणाले जाऊन राहिली. अध्यक्ष रुसून बांधीत गेले आहेत, तेवढीच रोवणी होईन. टीनाले राहू द्या, दिवाळीत सगळेच या. टाय धुऊन ठेवला आहे, तुमच्या नवीन गोऱ्ह्याच्या गळ्याले बरोबर होईन.