थाळीचा आवाज

बुधवार, संध्याकाळ

सरांनी आज आवाजाचा वेग मोजायला आम्हाला शाळेमागच्या रानात नेलं. सोयाबीन निघालंय, सगळं मोकळं. पलीकडच्या बांधावर वर्गातली संगीता स्टीलची थाळी घेऊन उभी. थाळीवर दांडा पडलेला दिसला की मी हातातलं घड्याळ चालू करायचं, आवाज आला की बंद. एवढं सोपं.

पहिल्यांदा जमलं, कारण शेजारी माझ्या बाकावरची मंदा होती. ती "आला!" म्हणाली की मी बटन दाबलं. मग सरांनी बाकी सगळ्यांना गप करून लांब मागे उभं केलं. दांडा पडला. मी वाट बघत राहिले अन् घड्याळ पळत राहिलं.

"काहून दाबलं न्हाईस?" सर ओरडले.

"बटन अटकलं, सर."

सरांनी दाबून बघितलं. बटन चांगलं होतं. पोरी हसल्या.

म्हणजे ती थाळी सगळ्यांना खरंच ऐकू येते? मला वाटायचं, एवढ्या लांबचं सगळे नुसतं बघूनच ओळखतात. दांडा पडलेला अजून डोळ्यांसमोर आहे. आवाज नाही.

घरी येताना मंदाला म्हटलं, "मला शाळेची घंटा बी ऐकू येत न्हाई गं. तू उठलीस की मी उठते."

"ठाव हाय मला. म्हणून तर घंटा झाली की बाकावर दप्तर आपटते."

त्या आपटण्यावरून मी रोज तिच्यावर खेकसते!

आईला अजून सांगितलं नाही. उद्या सांगावंच लागेल. मंदाला मात्र आता दप्तरावरून काही बोलायचं नाही. आपटू दे.