बापूंना ऐकू येत नाही

३ नोव्हेंबर

आपल्या घरी पाद्री उतरलेत! दिवेआगरला लोक समुद्रासाठी येतात, हे विश्रांतीसाठी. फादर इनास, वसईकडचे. पाद्री होऊ घातलेल्या मुलांना शिकवतात. विषय — श्रद्धा. जेवताना सहज म्हणाले, "ताई, शिकवता शिकवता माझीच संपली." मी म्हटलं, आणखी भात वाढू का? दुसरं काय म्हणणार?

५ नोव्हेंबर

वानराने बापूंचं कानाचं मशीन पळवलं. पोफळीवर बसून स्वतःच्या कानात घालून बघत होतं मेलं! मुंबईहून नवीन येईपर्यंत वडिलांशी फक्त खुणा. बापूंचं काही अडत नाही. समोरचा काय बोलला असेल ते स्वतःच ठरवतात, नि उत्तर देतात.

६ नोव्हेंबर

फादरना हे सांगायला हवं होतं. सकाळी झोपाळ्यावर बापूंशेजारी बसले नि विचारलं, "बापू, श्रद्धा माणूस कमावतो की देव देतो?" बापू म्हणाले, "वरून सोडतात. आपण पाट तेवढा मोकळा ठेवायचा."

वाडीच्या पाण्याचं बोलत होते! फादर उठून खोलीत गेले. दुपारी जेवलेही नाहीत.

९ नोव्हेंबर

रोज चाललंय. आज फादर — बुद्धीला पटल्याशिवाय विश्वास ठेवावा का? बापू — "सुरण चिंचेशिवाय शिजवलात तर घसा खाजणारच." फादर स्वतःशीच, "बुद्धी म्हणजे चिंच... हवी, पण ती म्हणजे भाजी नव्हे!" मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून हसले.

१० नोव्हेंबर

फादर आंघोळ करताना गात होते.

१३ नोव्हेंबर

आता सखुबाई! भांडी टाकून बापूंसमोर बसली — म्हैस विकू का न्हाय? मी म्हटलं, अगं, त्यांना ऐकू येत नाही, तुला ठाऊक आहे ना? तर म्हणते, "म्हनून तर इच्यारते. ऐकून उत्तर द्यायला माझा नवरा हाय की!"

१६ नोव्हेंबर

फादर परवा निघणार. म्हणाले, "ताई, पुन्हा प्रार्थना करता येतेय. वाटलं होतं, आता नाहीच." डोळे भरले होते. माणूस सुरणावर उभा आहे, नि त्याला वाटतंय खडक! सांगावं की गप्प बसावं? जन्मभर शाळेत शिकवलं. चुकीच्या उत्तरावर बरोबरची खूण करायला हात धजत नाही.

१७ नोव्हेंबर

सांगितलं. "फादर, बापूंना तुमचा एक शब्दही ऐकू आलेला नाही." चेहरा पांढरा पडला. उठून समुद्राकडे गेले. वाटलं, घालवलंस बाई त्यांचं सगळं!

दुपारी आले. अनवाणी — चपला लाटेने नेल्या म्हणे. नि हसत होते!

"आमच्याकडे म्हणतात, श्रद्धा ऐकण्यातून जन्मते. मी नुसता बोलत होतो, वर्गात, चर्चमध्ये. ऐकणं सुटलंच होतं. बापूंनी नसेल ऐकलं, ताई. मी ऐकलं."

"पण ते सुरणाचं होतं!"

"असू दे. देणाऱ्याने सुरणातून दिलं. आपण कमावलेली नसते ती, देणगी असते. कुठल्या पिशवीतून द्यायची ते त्याने ठरवायचं."

मला रागच आला. एवढं सोपं असतं होय? मग मला का नाही देत कोणी?

१८ नोव्हेंबर

फादर गेले. नमस्काराला वाकले तर बापूंनी डोक्यावर हात ठेवला — "पुढच्या वेळी बायकोमुलांना घेऊन या!" फादर म्हणाले, "आमेन."

घर रिकामं वाटतंय.

२० नोव्हेंबर

आज बापूंशेजारी मी बसले. डॉक्टरांखेरीज कोणाला बोलले नव्हते, इथेही लिहिलं नव्हतं, ते मोठ्याने सांगितलं — छातीतल्या गाठीचं. ऑपरेशन करून घेऊ का, बापू? ते माडाच्या शेंड्याकडे बघत होते. म्हणाले, "कीड लागलीय. काढून टाक. घाबरतेस कशाला, मी आहे ना."

अलिबागला डॉक्टरांना फोन केला. सोमवारी बोलावलंय.