गालांचे नकाशे

४ जून

चि. थोरलीस,
अ. उ. आ.

धाकटी लेकाला घेऊन आमच्याकडेच आहे. पाच महिन्यांचा गोट्या बाळसेदार झालाय, पण दोन्ही गालांवर पुटकुळ्यांनी ठाण मांडलंय. इथले डॉक्टर उष्णतेचं पुरळ म्हणाले. शेजारीण म्हणते, आईच्या खाण्यातलं बाधलं. तेव्हापासून धाकटी आपल्याच दुधाला दोष देत रडत बसते.

फोटो काढले, पण पोरगं घडीभर स्थिर राहील तर शपथ! मग म्हटलं, पस्तीस वर्षं मोजणी खात्यात डोंगर-नाले कागदावर उतरवले, हे दोन गाल काय जड? तो झोपला की भिंग घेऊन बसतो. सात दिवसांचे सात नकाशे सोबत आहेत. त्वचेची डॉक्टर पोटची पोर असताना दुसऱ्या कुणाला विचारू?

तुझा,
बाबा

९ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

नकाशे टेबलावर पसरले आणि चहा निवून गेला. लाल फोड वेगळे, पिवळ्या तोंडाचे वेगळे, अन् काळे ठिपके वेगळे, हे तुम्हाला कुणी शिकवलं? त्या काळ्या ठिपक्यांनीच उलगडा केला. हे पुरळ नाही, मुरूम आहेत. पहिल्या महिन्यात येतात ते आपोआप जातात, त्यात काळे ठिपके नसतात. हे उशिरा आलेले, कधी खड्डा ठेवून जातात.

धाकटीला सांगा, दुधाचा काडीचा दोष नाही. तेल लावू नका, पिळू नका. क्वचित शरीरातल्या ग्रंथी वेळेआधी जाग्या झाल्यानेही असं होतं. म्हणून वजन, उंची मोजा, काखेत किंवा खाली केस दिसतात का पाहा, आणि पुढच्या आठवड्यात त्याला इकडे घेऊन या. नकाशे थांबवू नका.

आईला नमस्कार.
तुमची,
थोरली

१५ जून

चि. थोरलीस,
अ. उ. आ.

केस नाहीत. वजन-उंची वयाला साजेशी. तरी तुझं ते 'क्वचित' माझ्या घशाखाली उतरत नाही. गुरुवारी धाकटी त्याला घेऊन निघतेय.

एक नवल सांगतो. उजव्या गालावरचा एक काळा ठिपका तिसऱ्या दिवशी लाल झाला, पाचव्या दिवशी पिकला, आठव्या दिवशी बसला. जागा सुईच्या टोकाएवढीही हलली नाही. तळहाताएवढ्या चेहऱ्यावर केवढा हा कारभार!

बाबा

२२ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तपासण्या नीट आल्या. ग्रंथी शहाण्यासारख्या झोपलेल्या आहेत! मलम दिलंय, काही महिने लागतील. डाव्या गालावर एक खूण बहुधा राहील.

आमच्या मोठ्या डॉक्टरांना नकाशे दाखवले. चाळीस वर्षांत एकाच मुरुमाचा जन्मापासून शेवटापर्यंतचा प्रवास त्यांनी असा पाहिला नव्हता. सगळे तारखेवार ओळीने मांडून पाहिले. मग उभे राहून विचारलं, हे कुणी काढलं? म्हटलं, माझे वडील.

तुमची,
थोरली

२ सप्टेंबर

चि. थोरलीस,
अ. उ. आ.

गाल निवळले. एक बारीक खड्डा राहिलाय, हसला की दिसतो.

काल तुझ्या आईला विचारलं, थोरलीला तान्ही असताना असं काही आलं होतं का? म्हणाली, गालभर आलं होतं. तुम्ही मोजणीच्या तंबूतून परतेपर्यंत गेलंही. मी तुला तेव्हा पाहिलंच नाही गं.

आता येशील तेव्हा तासभर खिडकीपाशी बस. मला तुझा चेहरा काढायचा आहे.

वाट पाहणारा,
बाबा