ज्या नावावर रेघ नाही

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

मिळाला कोपरा. एक महिना. खिडकीशेजारी, कापसातली सरकी काढायच्या जुन्या रेच्यालगत.

भगवंतराव आमचे सचिव. संग्रहालयातली टाचणीसुद्धा त्यांच्या सहीनं येते. बैठकीत म्हणाले, "व्हिडिओ गेम? मॅडम, हे संग्रहालय आहे, जत्रा नाही." सगळे हसले. मीही थोडी हसले, मग स्वतःचाच राग आला. उभी राहिले. सांगितलं की न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं २०१२ सालीच चौदा गेम संग्रहात घेतले. चित्रं, खुर्च्या, दिवे, तसेच गेम. आणि तिथे ते काचेत बंद ठेवत नाहीत, लोकांना खेळू देतात. कारण मूर्तीसमोर कोणी नसलं तरी मूर्ती असते. गेमला मात्र कोणाचा तरी हात लागतो, तेव्हाच तो गेम होतो.

"न्यूयॉर्कचं ठीक आहे," भगवंतराव म्हणाले. "अमरावतीचं काय?"

म्हटलं, अकोल्यात व्हिडिओ गेमची एक जुनी लाकडी पेटी आहे. खरंच आहे — पण मी तिच्याबद्दल फक्त फोनवर ऐकलंय. बोलून गेले.

अट अशी: महिनाअखेर समिती बघणार. पटलं तर दाखल-नोंदवहीत कायमचा क्रमांक. नाही तर पेटी परत. आणि परत म्हणजे भंगारात. पेटीचे मालक फोनवरच बोलले होते, "तुमी नाई नेली त भंगारवाला नेते."

बुधवार, ५ नोव्हेंबर

सुट्टी होती. सकाळच्या गाडीनं अकोला.

पेटीचे मालक खुशालराव पंचाहत्तरीचे. जुन्या शहरात त्यांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं, आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. पेटी मागच्या खोलीत, पोत्यांखाली. जपानी गेम, दिल्लीहून आणलेला बोर्ड, कोणाच्या तरी घरचा टीव्ही, आणि पेटी अकोल्याच्याच सुतारानं ठोकलेली. विमानाचा गेम.

उजव्या बाजूची फळी कळकट. बोट फिरवलं तर खाली काहीतरी टोचलं. कोरलेलं होतं.

"नावं हायेत," खुशालराव म्हणाले. "लाईन गेली का मशीनमधले आकडे साफ. मंग पोट्टे भांडत. माये जास्त होते, तुये कमी होते. म्हून म्या कायदाच केला. जो पयला येईन त्यानं फळीवर नाव, आकडा अन् तारीख कोरायची. वरच्या नावावर रेघ मारायची."

"कोरायचे कशानं?"

"कंपासपेटीतल्या कर्कटकानं. शाळेतूनच त पळून येत होते सारे."

मला तिथेच बसावंसं वाटलं. मशीनला स्मरण नव्हतं म्हणून पोरांनी फळीला दिलं. भगवंतरावांच्या प्रश्नाचं उत्तर समोर उभं होतं, पोत्याच्या धुळीत.

सगळ्यात खालच्या नावावर रेघ नाही म्हणाले. "त्या पोट्ट्याचा आकडा कोनाच्यानंच तुटला नाई. सकाळी दुकान उघडलं तव्हाच आला. एका रुपयात अडीच तास खेळला. जितला, नाव कोरलं, आन् उभ्या उभ्या रडाले लागला. म्या म्हटलं, अबे जितला तू, रडून काहून राहिला? त पळूनच गेला. मंग कधी दिसला नाई."

"नाव काय त्याचं?"

"आता का आठवते बाप्पा. फळीवर आहे, वाच तूच. शिकेल आहेस ना?"

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

टेम्पो आला. उतरवायला माणसं नव्हती. बाबांना फोन केला, ते रंगकामावरून तसेच आले, अंगावर डिस्टेंपरचे शिंतोडे. चौघांनी मिळून पेटी आत घेतली. बाबा बराच वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले.

"खेळले होते का कधी?" मी विचारलं.

"आमाले कुठं वेळ होता," म्हणाले. चहा न घेता गेले.

शनिवार, ८ नोव्हेंबर

चालू झाली!

मंगळवार, ११ नोव्हेंबर

कोमट पाणी आणि कापसाचा बोळा. रोज वीतभर फळी, वरून खाली. घाईनं पुसलं तर प्लायचा पापुद्रा निघेल. आतापर्यंत सहा नावं. गजू. मुन्ना. अफसर — दोनदा, दोन्ही वेळा रेघ. एकानं नावाखाली "सातवी ब" लिहिलंय.

न्यूयॉर्कवाले पेटी ठेवत नाहीत, असं वाचलं. फक्त पडदा आणि खेळायची बटणं. पेटीमुळे लोक जुन्या आठवणींत रमतात आणि रचनेकडे बघत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. समजतं मला. तिसऱ्या टप्प्यात या गेममध्ये संध्याकाळ होते, नदी जांभळी होते — तो रंग कोणीतरी विचार करून निवडलाय. त्याचं नाव कोणाला माहीत नाही. ते जपायलाच हवं. पण इथे पेटी काढून टाकली तर अफसर कुठे जाईल?

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

अकरा नावं झाली. खालची चार बोटं फळी राहिली. सोमवारी उद्घाटन, एक निवृत्त प्राचार्य येणार आहेत. भगवंतराव जाता जाता म्हणाले, "तो डबा जरा नीट दिसू द्या हो. पाहुणे काय म्हणतील." जेवताना घरी सांगितलं, हसत हसत. कर्कटकाचंही सांगितलं, अकरा नावं झाली तेही. उरलेलं सोमवारी सकाळी लवकर जाऊन पुरं करीन म्हटलं. आई हसली. बाबा ताटात बघत होते.

उद्या आणि परवा अचलपूरला, मावशीकडे.

सोमवार, १७ नोव्हेंबर

लिहवत नाही, तरी लिहिते.

पेटी निळी झाली. चकचकीत ऑइल पेंट. चारही बाजू. काल रविवारी संग्रहालय बंद झाल्यावर बाबा ब्रश आणि डबा घेऊन आले, चौकीदारानं ओळखीचे म्हणून दार उघडलं. कडेला पांढरी पट्टीसुद्धा ओढली आहे, टेप न लावता, सरळ. बाबांचा हात.

प्राचार्य म्हणाले, "वा, नवीनच घेतली वाटतं." फीत कापली. भगवंतराव खूश. मी हात बांधून उभी.

घरी आल्यावर बोलले. आवाज चढला. बाबा म्हणाले, "तुया पाहुन्यासाठीच केलं वं. सचिव म्हनत होता ना, नीट दिसू दे."

म्हटलं, "विचारायला काय झालं होतं? शिकलेल्या माणसानं असं केलं नसतं."

आई स्वयंपाकघरातून आली, हातात लाटणं तसंच. "बी.ए. झाली म्हून बापाले शाळा शिकवून राहिली काय तू?"

बाबा ब्रश रॉकेलमध्ये धूत बसले.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

काल जे बोलले ते मी, मी बोलले. ज्या मुलीनं कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत बाबांवर बोलून बक्षीस घेतलं, ती मी.

त्या भाषणातली गोष्ट मला पाठ आहे, लहानपणापासून ऐकलेली. बाबा दहावीला अकोल्यात, त्यांच्या मामांकडे. बीजगणिताचा पेपर चांगला गेला. भूमितीच्या दिवशी परीक्षा केंद्राकडे निघाले तर शहर बस मध्येच बंद पडली. धावत पोचले तोवर गेट लागलेलं. पेपर हुकला, वर्ष गेलं, आणि मामांनी हातात चुन्याची बादली दिली. "एका बसनं मायं शिक्षन खाल्लं, म्हून तू कधी बसच्या भरवशावर राहू नको." मी दहावीच्या प्रत्येक पेपरला दीड तास आधी पोचले होते. नोकरीच्या अर्जातही लिहिलं होतं हे.

आणि त्याच माणसाला मी शिकलेला-न शिकलेला म्हणाले.

गुरुवार, २० नोव्हेंबर

माफी मागितली. बाबा म्हणाले, "जाऊ दे." मग थोड्या वेळानं, "त्या मशीनचं हँडल डावीकडं अडकते. तेल दे."

रविवार, २३ नोव्हेंबर

मुलं येतात, खेळतात, रांग लावतात. आज एक आजी नातवासोबत खेळल्या, पहिल्याच मिनिटाला विमान पाडलं आणि पुन्हा रांगेत लागल्या. पण फळीशिवाय मी समितीला काय दाखवू? नवी निळी पेटी तर बाजारातही मिळेल.

पेंट खरवडायचा विचार केला. पेंटसोबत अक्षरंही जातील.

बुधवार, २६ नोव्हेंबर

डोक्यात काय दगड भरले होते माझ्या!

झिजलेला शिलालेख वाचायचा असला की आम्ही काय करतो? अंधार करायचा आणि टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून, आडवी धरायची. प्रत्येक खाचेची सावली पडते. हे मला संग्रहालयात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर खिडकीला चादर लावली. टॉर्च फळीला टेकवली. निळ्या रंगाखालून गजू आला. मुन्ना आला. अफसर, अफसर. बाबांनी रंगाचा एकच हात मारलाय, पातळ. बारीक खाचा भरल्या नाहीत. सातवी ब सुद्धा आलं. मी तिथेच खाली बसले, जमिनीवर.

खाली सरकत गेले. बारावं नाव, रेघेसहित. तेरावं, रेघेसहित. त्याच्याखाली वीतभर लांब, बोटभर रुंद जागा. गुळगुळीत. आरशासारखी. तिथे काहीच नाही.

खुशालरावांना लगेच फोन लावला. "आहे म्हनतो ना. साऱ्यात खाली. म्या रोज पाहत होतो."

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

समिती. खिडकीला चादर, दिवे बंद. भगवंतराव म्हणाले, "मॅडम, नाटक आहे का हे?" मी त्यांच्याच हातात टॉर्च दिली आणि कशी धरायची ते दाखवलं.

ते वाकले. वाकलेलेच राहिले. एकेक नाव मोठ्यानं वाचलं, हजेरी घेतल्यासारखं. ते पूर्वी मास्तर होते, हे मी विसरले होते. मग उठून गुडघे झटकले आणि म्हणाले, "आम्ही असल्या पोरांना शोधत शाळेच्या भिंतीवर चढायचो. आणि हे इकडे सही करून बसले होते होय."

मग खेळले. दुसऱ्या टप्प्यापर्यंत. जांभळी नदी दिसली नाही याचं त्यांना वाईट वाटलं.

मंजूर! पेटी आणि फळी, दोन्ही. निळ्या रंगासकट — रंगसुद्धा आता तिचा इतिहास आहे, हे भगवंतरावच म्हणाले. फक्त नोंद पूर्ण हवी. "शेवटचा विजेता कोण, तो रकाना रिकामा ठेवू नका. सोमवारपर्यंत भरा."

घरी सांगितलं. आईनं शिरा केला. बाबांनी विचारलं, "टॉर्चनं सारेच नावं दिसले काय?"

"एक सोडून," मी म्हटलं.

"हं," म्हणाले, आणि जरा बाहेर जाऊन आले.

शनिवार, २९ नोव्हेंबर

एक गोष्ट दिवसभर डोक्यात फिरते आहे. ती गुळगुळीत जागा पेंटनं झालेली नाही. तिथे पुट्टी आहे, रंगाआधी भिंतीच्या खाचा बुजवतात ती. आधी पुट्टी, मग घासकागद, मग रंग.

मी रंगाऱ्याची मुलगी आहे. बाबा पुट्टी भरतात तेव्हा भिंतभर भरतात. गडबड असेल तर अजिबात भरत नाहीत. एका ओळीपुरती पुट्टी भरताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

तेवढ्या जागेवरचा रंग हलकेच खरवडला, ओल्या बोळ्यानं पुट्टी मऊ केली, लाकडी काडीनं काढली. दोन तास लागले. आडवी टॉर्च धरली.

देवराव तायडे. माझे बाबा. आकडा सहा अंकी. १७-३-९५. शेजारी, लहान अक्षरांत: भूमिती.

बस बंद पडली नव्हती.

नोंदवहीतला रकाना अजून मोकळा आहे. उद्या बाबांना सोबत नेते. हँडलला तेल दिलंय. आधी एक डाव खेळू दे, मग लिहायचं की नाही ते त्यांनाच विचारीन.