आयुषचा आयजीई उतरवताना

३ नोव्हेंबर
आयुषच्या रक्तातल्या आयजीईचा, म्हणजे अॅलर्जीच्या अँटीबॉडीचा, रिपोर्ट आला. अकराशे ऐंशी! नॉर्मलच्या कितीतरी पट. डॉ. हेमा म्हणाल्या, आकडा धरून बसू नका, मुलाचा श्वास बघा; दम्याचा इन्हेलर दोन्ही वेळा, न चुकता. ती जबाबदारी मी मागून घेतली. विश्रांतवाडी येईपर्यंत रिक्षातच मोबाइलवर ग्राफ सुरू केला.

८ नोव्हेंबर
अॅलर्जी पॅनेलमध्ये शेंगदाण्यापुढे ‘पॉझिटिव्ह’. कुटाचा डबा घराबाहेर. नम्रता म्हणाली, अहो, दात आल्यापासून कूट खातोय तो, एकदा तरी पुरळ उठलं का? अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, असं मी सांगितलं. मग उद्यापासून पुराव्याचीच भाजी करा, म्हणाली. मी तुटक बोललो का? नाही. मुद्देसूद बोललो.

१५ नोव्हेंबर
एकादशी. कुटाविना खिचडी. कोणी काही बोललं नाही. खाल्लीही नाही.

२१ डिसेंबर
पुन्हा रक्त तपासलं. डॉ. हेमा ‘गरज नाही’ म्हणाल्या होत्या. ‘करू नका’ म्हणाल्या नव्हत्या. सहाशे दहा! जवळपास निम्मा. म्हणजे मूळ कारण गेलं. मग आठ वर्षांच्या मुलाला रोज स्टेरॉइड कशाला? सवय लागेल. इन्हेलर आजपासून बंद. नम्रताला इतक्यात सांगत नाही. ही लपवाछपवी होते का? बराच विचार केला. होत नाही.

२८ डिसेंबर
खोकला. गारठा आहेच. क्रिकेट सोडून लवकर वर आला. धावलं की छातीत शिट्टी वाजते म्हणतो. इन्हेलर सुरू करावा? पण मग ग्राफवरून काढलेला निष्कर्षच चुकीचा ठरेल. दोन दिवस पाहू.

३० डिसेंबर
सकाळी ‘बाबा’ आणि ‘पाणी’ यांच्यामध्ये त्याला थांबून श्वास घ्यावा लागला. बरगड्यांमध्ये खळगे पडत होते. तातडीचा इन्हेलर पुरला नाही. दवाखान्यात डॉ. हेमांनी लगेच नेब्युलायझरचा मास्क लावला आणि विचारलं, रोजचा इन्हेलर चालू आहे ना? मी तोंड उघडण्याआधी नम्रता म्हणाली, हो, हे स्वतः देतात, एक दिवस चुकवत नाहीत.
मी ग्राफ पुढे केला.
मग सांगावंच लागलं. नम्रता आयुषच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. माझ्याकडे पाहिलं नाही. डॉ. हेमा म्हणाल्या, अभिनंदन, तुमचा आकडा बरा झालाय. आता मुलाकडे बघू का?

६ जानेवारी
आयुष खेळायला गेला. इन्हेलर आता नम्रता देते. माझ्याकडे एकच काम: त्यानंतर तोंडात औषध राहू नये म्हणून त्याला चूळ भरायला लावणं. आज वेळेआधी बेसिनपाशी जाऊन उभा राहिलो. आयुष म्हणाला, बाबा, सरका, मी भरतो.